जंगली महाराज रस्त्याला इतिहास नाही म्हणे!

भांबुर्डेकर

परवा टेकडीवाला यांनी इथे लिहिलं : "पुण्यात पायी फिरावा असा, देखणा आणि इतिहास असलेला रस्ता एकच, फर्ग्युसन रस्ता. जंगली महाराज रस्ता म्हणजे खड्डे न पडलेलं डांबर आणि दोन्ही बाजूंना दुकानं. त्याला चेहरा नाही आणि इतिहास तर नाहीच." त्याखाली चाळीसएक जणांनी माना डोलावल्या. मी दोन दिवस गप्प बसलो, पण आता बोलतोच.

इतिहास नाही? अहो, पाताळेश्वर कुठे आहे? आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं लेणं भर रस्त्याला लागून आहे. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला, म्हणजे त्याच्या जवळजवळ हजार वर्षं आधी इथे कुणीतरी काळ्या दगडात छिन्नी चालवत होतं. ७५८ आणि ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत 'पुण्य विषय', 'पुनक विषय' अशी नावं येतात ('विषय' म्हणजे तेव्हाचा प्रांत). पुण्याचा लेखी उल्लेख आणि पुण्यातलं लेणं, दोन्ही त्याच शतकातले. हा इतिहास नसेल तर इतिहास कशाला म्हणायचं ते तरी सांगा.

शेजारी जंगली महाराजांची समाधी. महाराज १८९० मध्ये गेले. तेव्हा या भागाला शिवाजीनगर कुणी म्हणत नव्हतं, हे भांबुर्डे गाव होतं. माझी आजी शेवटपर्यंत भांबुर्डंच म्हणायची. दर गुरुवारी मला हाताला धरून समाधीला न्यायची आणि परत येताना पाताळेश्वरात पाच मिनिटं बसायची. रस्ता सोडून आवारात उतरलं की दहा पावलांत हॉर्नचे आवाज मागे पडतात. समोर तो गोल नंदीमंडप, वर छत्रीसारखं जाडजूड दगडी छप्पर, खाली चौकोनी खांब. मे महिन्यात भर दुपारी त्या खांबाला पाठ लावून बसा, शर्टातून गारवा थेट पाठीला भिडतो. आजी म्हणायची, "देव आत आहे, पण बसायचं इथे." लेण्याचं काम अर्धवट राहिलंय, काही ठिकाणी छिन्नीचे घाव तसेच दिसतात. लहानपणी मी त्या घावांवरून बोट फिरवत बसायचो.

आता माझा खरा मुद्दा. पाताळेश्वर, समाधी, संभाजी उद्यान, बालगंधर्व रंगमंदिर, ही या रस्त्याची ठिकाणं. यातल्या कुठेही कुणी येऊन "काय घेणार?" असं विचारत नाही. खिशात दहा रुपये नसलेला माणूस या रस्त्यावर अख्खी संध्याकाळ मानानं काढू शकतो. मी काढल्या आहेत. वडिलांची नोकरी गेली त्या वर्षी आम्ही चौघं रोज संध्याकाळी संभाजी उद्यानात जायचो. घरात बसवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठे जाणं परवडत नव्हतं. दिवाळीत तिथे मांडलेले किल्ले बघत आम्ही तासन् तास उभे राहिलो. फर्ग्युसन रस्त्यावर चौघांनी काय केलं असतं?

टेकडीवाला

भांबुर्डेकर, तुमच्या आजीबद्दल लिहिलेलं वाचून मलाही बरं वाटलं. पण तुम्ही जागेचा इतिहास सांगताय, रस्त्याचा नाही. लेणं कोरलं तेव्हा तिथे रस्ता होता का? रस्ता नंतर आला आणि लेण्याच्या शेजारून गेला. त्यात रस्त्याचं कर्तृत्व काय?

फर्ग्युसन रस्त्याचं तसं नाही. तो रस्ता आणि तिथली माणसं एकमेकांमुळे घडली. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला कॉलेज. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे, ज्यांचा संस्कृत कोश आजही लोक उघडतात. त्यांच्यानंतर आगरकर. गोखले तिथे शिकवत होते, आणि रस्त्याच्या पाटीवर आजही 'नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ' असंच लिहिलेलं आहे. भारत सेवक समाज त्यांनी १९०५ मध्ये स्थापन केला. त्याच वर्षी विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना १० रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावं लागलं. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं असं मला वाटतं, आणि असा पेच जिथे उभा राहिला तो रस्ता मला मोठा वाटतो.

शिवाय आषाढात पालखी कुठून जाते? फर्ग्युसन रस्त्यावरून. वारकऱ्यांचे पाय लागतात त्या रस्त्याला. तुमच्या रस्त्यावरून जात नाही.

खिशाचं म्हणाल तर मी पण श्रीमंताघरचा नव्हतो. आम्ही सहा मित्र एका कॉफीत दोन तास काढायचो आणि कुणी उठवलं नाही. गुडलक कॅफे १९३५ पासून आहे, तिथल्या बन मस्क्यावर किती विद्यार्थी जगले असतील!

पेठेतला

दोघेही लक्ष्मी रस्ता विसरलात. गणपतीच्या मिरवणुकीचा रस्ता तो. बाकी चालू द्या.

भांबुर्डेकर

टेकडीवाला, पालखी मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधणारही नाही.

पण "लेणं आधी, रस्ता नंतर" हे मान्य नाही. गोखले तरी रस्त्यामुळे गोखले झाले का? गोखल्यांचं नाव त्या रस्त्याला नंतरच दिलं ना? मग महाराजांचं नाव या रस्त्याला दिलं तर ते कमी कसं? आणि तुमच्या रस्त्याला लोक गोखले पथ म्हणतात तरी का? दहा जणांना विचारा, दहाही जण एफसी म्हणतील. पोरं आमच्या रस्त्यालाही जेएम म्हणतात म्हणा, त्याचं दुःख आहेच.

रस्तेवाला

मूळ लेखातलं "नुसतं डांबर" मला लागलं. ३४ वर्षं मी रस्त्याच्या कामावर काढली. डांबराला नुसतं म्हणू नका.

१९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतरच्या वर्षीचा पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. पुण्याच्या रस्त्यांची चाळण झाली होती. स्थायी समितीचे तेव्हाचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या रेकाँडो या कंपनीला गाठलं. मालक दोन पारशी भाऊ. कंपनीनं १० वर्षांची लेखी हमी दिली आणि सत्तरच्या दशकात जंगली महाराज रस्ता केला. हमी दहा वर्षांची होती, रस्ता त्याच्या कितीतरी पुढे टिकला. एका पिढीनं त्यावर खड्डा पाहिलाच नाही. पाताळेश्वराइतकंच हे काम या गावाला अभिमानाचं वाटायला हवं, कारण लेणं कसं कोरलं ते आज कुणी शिकवू शकत नाही, पण रस्ता कसा करायचा ते या कामानं दाखवून दिलं.

त्यात जादू काही नव्हती. डांबराचा शत्रू पाणी. पाणी आत शिरलं की खडीवरची डांबराची पकड सुटते, वरून चाकं गेली की खडी निघते आणि खड्डा पडतो. म्हणून मध्ये उंची, कडेला उतार आणि उतरलेलं पाणी ताबडतोब घेणारं गटार. दुसरं, हॉटमिक्स. माल प्लांटमध्ये गरम करून एकजीव करायचा, गरम आणायचा, गरमच अंथरायचा आणि तो निवायच्या आत रोलर फिरवायचा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंतर कुणी तो उकरायचा नाही.

मी नोकरीला नवा होतो तेव्हा, दुसऱ्या एका गावात, डंपर फाटकात अडकला आणि माल दीड तास उशिरा आला. हात जवळ नेला तर वाफ नाही. रोलर वरून गेला तरी खडी उभीच. मी नको म्हणालो. वरिष्ठ म्हणाले, टाका. मी टाकला. श्रावणात त्या रस्त्यावर एक स्कूटर घसरली, मागे बाई होती, तिचा हात मोडला. मी तिला भेटायला गेलो नाही. तो निवलेला माल मला आजही दिसतो. म्हणून कुणी डांबराला हसलं की मला राग येतो.

आता त्याच रस्त्यावर वर्षातून किती चर पडतात ते बघा. केबल, पाइप, पुन्हा केबल. चर बुजवताना दबाई कुणी करत नाही, मुरूम ढकलतात आणि वर डांबराचा थर. आणि २०१६ नंतर जे पदपथाचं काम झालं त्यात कडेची उताराची रेषाच बदलली. ते चांगलं की वाईट यावर माझं मत अजून पक्कं नाही.

तिसरी पिढी

रस्तेवाला काका, मत पक्कं नसेल तर मी पक्कं करून देतो. आमचं बॅगांचं दुकान याच रस्त्यावर आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, मी सांभाळतोय. पदपथाचं काम चालू होतं तेव्हा दुकानासमोर कमरेएवढा खड्डा आणि त्यावर दोन फळ्या. दिवाळी त्यातच गेली. मोठी सूटकेस घेऊन माणूस फळीवरून कसा जाणार? त्या सीझनला माल तसाच पडून राहिला आणि दोन पोरांना मला घरी बसवावं लागलं. त्यातला एक वडिलांच्या वेळेपासून होता.

आणि हातात काय आलं? गाडी लावायला जागा नाही. गिऱ्हाईक गाडीतून बघतं, पुढे जातं आणि घरी जाऊन मोबाइलवरून मागवतं. पदपथ रुंद करून तुम्ही फिरायला येणाऱ्यांची सोय केलीत. फिरायला येणारा सूटकेस घेत नाही.

इथे सगळे रस्त्याच्या सौंदर्यावर बोलताय. रस्ता ज्यांच्या दिव्यांनी उजळतो त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. १ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी या रस्त्यावर बॉम्बस्फोट झाले. मी दुकानातच होतो. वडिलांनी शटर अर्धं ओढलं आणि बाहेर सैरावैरा झालेल्या तीन मुलींना आत घेतलं, पाणी दिलं, त्यांच्या घरचे येईपर्यंत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेळेवर दुकान उघडलं. आणि लेखात आम्ही काय, "दोन्ही बाजूंना दुकानं".

मृद्गंध

तिसरी पिढी, त्या मुलींना तुमच्या वडिलांनी आत घेतलं यासाठी मनापासून नमस्कार. पण पदपथावर मला बोलू द्या.

माझी आई ७८ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. पूर्वी या रस्त्याच्या पदपथावर तिला चढवायचं म्हणजे मी पुढून हात धरायचा आणि माझ्या मुलानं मागून कमरेला आधार द्यायचा. चढली की वीस पावलांवर पुन्हा उतरायचं, कारण कुणाच्या तरी गेटचा उतार. पुढे तुटलेली फरशी. पुढे आडवी लावलेली गाडी, मग डांबरावरून वळसा आणि मागून रिक्षाचा हॉर्न. शेवटी तिनं बाहेर पडणंच सोडलं. तीन वर्षं ती गॅलरीत बसून होती. तीन वर्षं!

आता ती समाधीपासून बालगंधर्वपर्यंत एकटी चालते. मी दहा पावलं मागे असते, पण हात धरावा लागत नाही. वाटेत तीन बाकांवर बसते. दुसऱ्या बाकावर तिची एक मैत्रीण झालीय, गावठाणात राहणारी. दोघी संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्या बाकावर भेटल्या. मला तुमचं पार्किंग समजतं हो, पण माझी आई घराबाहेर आली ती या पदपथामुळे.

आणि त्याच पदपथावर संध्याकाळी दुचाकी येतात. सिग्नल चुकवायला थेट आईच्या समोरून. मागच्या महिन्यात एकाला मी हँडल धरून थांबवलं. तो म्हणाला, "काकू, दोन मिनिटांचं काम आहे." मी सोडलं नाही. माणसं जमली, सगळी बघत उभी राहिली आणि एकही माझ्या बाजूनं बोललं नाही.

तिसरी पिढी

तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण सहा माणसांचे पगार गुडघ्यांवर निघत नाहीत, मॅडम.

मृद्गंध

हे वाक्य मागे घ्या.

पेठेतला

खरंच मागे घ्या. आणि गाडी-गाडी काय लावलंय? ऑगस्ट २०२३ पासून डेक्कन आणि संभाजी उद्यान अशी मेट्रोची दोन स्थानकं या रस्त्याच्या पाठीशी, नदीच्या बाजूला चालू आहेत. पगडीच्या आकाराची, लांबूनही ओळखू येतात. गिऱ्हाइकाला सांगा मेट्रोनं या.

तिसरी पिढी

पेठेतला, अठ्ठावीस इंची सूटकेस घेऊन जिना चढून दाखवा मग बोलू.

मृद्गंध ताई, वाक्य मागे घेतो. रागात लिहिलं. आमच्या आईचंही गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

पण मुद्दा मागे घेत नाही. २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर झालं. त्यावर केवढा गदारोळ झाला ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पैसे घ्या म्हणून आम्ही काहीजण तेव्हा म्हणालो होतो, तासाला पैसे लावा म्हणजे गाडी हलेल आणि दुसऱ्याला जागा मिळेल. ते झालं नाही. म्हणजे जागा कमी केली, पण उरलेल्या जागेची शिस्त लावली नाही. यात फक्त आम्ही भरडलो.

रस्तेवाला

हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. जागा कमी असते तेव्हाच तिला भाव लावावा लागतो.

पण एक सांगतो, राग मानू नका. सवयीनं मी सकाळी त्या रस्त्यावर फिरतो. मागच्या आठवड्यात साडेदहाच्या सुमारास, दुकानांची शटरं वर जात असताना मुद्दाम थांबून बघितलं. गिऱ्हाईक एकही नव्हतं आणि दुचाकीची जागा निम्मी भरलेली होती. त्या गाड्या कुणाच्या? रात्री नऊपर्यंत त्या हलत नाहीत. एक चारचाकी सरळ लावली तर पाच मीटर लांबी खाते, तेवढ्यात पाच-सहा दुचाक्या आडव्या लागतात. त्या दुचाक्या दिवसभर दुकानातल्याच लोकांच्या असतील तर गिऱ्हाइकानं कुठे थांबायचं?

तिसरी पिढी

आमच्या दुकानाच्या चार असतात. बरोबर आहे तुमचं. पोरं धायरी, हडपसरहून येतात, बसचा भरवसा नाही, त्यांना कुठे सांगू लावायला?

शेजारच्यांच्या किती असतात ते मी बोलणार नाही.

टेकडीवाला

मूळ विषय काय होता आणि चाललंय काय? मी रस्त्याच्या इतिहासावर लिहिलं होतं आणि इथे दुचाकीची लांबी मोजताय.

मृद्गंध

टेकडीवाला, तुम्ही "पायी फिरावा असा" हे शब्द वापरलेत. पायी कोण फिरतं आणि कशावरून, हाच विषय आहे. तुमच्या फर्ग्युसन रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी माझ्या आईला घेऊन एकदा चालून दाखवा. कपड्यांच्या दुकानांसमोरच्या गर्दीतून, खांद्याला खांदा लावून. तो रस्ता देखणा आहे तो विशीतल्या माणसाला.

टेकडीवाला

शनिवारी संध्याकाळी नाही जमणार, हे कबूल करतो. सकाळी सहाला या. झाडांखालून कॉलेजच्या भिंतीलगत चाला आणि वर हनुमान टेकडी. तेव्हा तो रस्ता विशीतल्यांचा नसतो, सगळी साठीपुढची माणसं असतात.

नाट्यवेडी

इतकं बोलणं झालं आणि बालगंधर्वबद्दल एक ओळ पुढे गेली नाही. वाईट वाटतं.

पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. अर्धं पुणं चिखलात होतं. त्यानंतर सव्वा वर्षात, ८ ऑक्टोबर १९६२ ला, त्याच मुठेच्या काठी नाट्यगृहाचं भूमिपूजन झालं, तेही खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. घरंदारं वाहून गेलेल्या गावानं नाटकासाठी जागा काढली! पु. ल. देशपांड्यांनी त्यात जातीनं लक्ष घातलं. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी. ते मात्र १९६७ च्या जुलैत गेले. पाया घातला त्यांनी, पडदा वर जाताना ते नव्हते. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. माझे वडील मध्यंतरात चहाला जायचे नाहीत, त्या चित्रांसमोर उभे राहायचे. शेवटच्या आजारपणात त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी विचारलं, कुठे जायचंय का? त्यांनी हातानं साडीच्या पदराची खूण केली. मला कळलं. व्हीलचेअरवरून नेलं, नाटक नव्हतंच बघायचं, फक्त ती चित्रं.

ही वास्तू पाडून नवं संकुल बांधायचं हे अधूनमधून निघतं आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो. भांबुर्डेकर, तुम्ही चार ठिकाणं मोजलीत. एक पडलं तर तीन राहतील, हे लक्षात ठेवा.

तिसरी पिढी

ताई, नवं बांधलं तर तळघरात पार्किंग होईल. त्याचा कुणी विचार करणार की नाही?

नाट्यवेडी

नदीकाठी तळघर? आत्ताच पुराचं लिहिलं ना मी!

रस्तेवाला

नदीकाठी तळघर करता येतं, पण पाणी उपसत बसावं लागतं आणि पंप नेमका पावसात बंद पडतो. खर्च कुणी धरत नाही.

भांबुर्डेकर

नाट्यवेडी, मी बालगंधर्व मोजलं, पण त्यावर लिहिलं नाही ही माझी चूक. तुमच्या वडिलांची खूण वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. "त्या ठिकाणी कुणी काय घेणार विचारत नाही" असं मी लिहिलं, त्यावर टेकडीवाला तिकिटाचं विचारतील असं वाटलं होतं. नाटकाला तिकीट लागतं, खरं आहे. पण बाहेरच्या कट्ट्यावर बसायला लागत नाही. नाटक सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे बघत आम्ही बसायचो, नाटक कसं झालं ते त्यावरून कळायचं.

आणि तिसरी पिढी, तुमच्याशी माझं भांडण नाही. "दोन्ही बाजूंना दुकानं" हे हिणवून लिहिलं ते टेकडीवाला यांनी. मी मात्र दुकानांचा उल्लेखच केला नाही, तेही बरोबर नव्हतं.

टेकडीवाला

ठीक आहे. आज सकाळी टेकडीवरून उतरून घोले रस्त्यानं खाली आलो आणि पाताळेश्वरात गेलो. मला तिथे जाऊन पंचवीस वर्षं तरी झाली होती, फर्ग्युसनपासून दहा मिनिटांवर असून. भांबुर्डेकरांनी सांगितलं तसा खांबाला टेकून बसलो. लेणं मान्य. 'इतिहास नाही' हे शब्द मागे घेतो. 'देखणा' मात्र फर्ग्युसन रस्ताच, त्यावर मी हटणार नाही. जंगली महाराज रस्त्यावर मान वर केली की पाट्या दिसतात, तिकडे झाडं दिसतात.

भांबुर्डेकर

झाडं आमच्याकडे आवारांच्या आत आहेत. उद्यानात जा, मग मान वर करा.

तिसरी पिढी

पाट्यांबद्दल बोलणार असाल तर आमची पाटी आजोबांच्या वेळची आहे, हातानं रंगवलेली. ती बदलणार नाही.

मृद्गंध ताई, एक विनंती. मंगळवारी सकाळी साडेदहाला आमच्याकडे माल येतो. टेम्पो कुठे थांबतो, माल उतरवायला पोरं किती लांबून खोकी आणतात आणि तेवढ्यात मागे किती हॉर्न वाजतात ते एकदा उभं राहून बघा. मी पदपथावरची खोकी पाच मिनिटांत उचलतो, तरी लोक मोबाइलवर फोटो काढतात. बघितल्यावर तुम्ही म्हणाल ते ऐकेन.

मृद्गंध

येते. पण खोकी पाचच मिनिटं असतात का ते मी घड्याळ लावून बघणार आहे. आईही असेल बरोबर, समाधीपासून चालत येऊ. तुमच्या दुकानाच्या आधी बाक नाही, तेव्हा दारात एक खुर्ची ठेवा.

तिसरी पिढी

वडिलांची ठेवतो. हात असलेली आहे, उठायला बरी पडेल.